स्प्रिंगचा आवर्तकाल: फूटपट्टी, स्टॉपवॉच की फोन?

अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर हलकी पोर बसो की दणकट, झोका जायला-यायला वेळ जवळपास तेवढाच घेतो. स्प्रिंगचं तसं नाही. वजन चौपट केलं की हेलकाव्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. हा वेळ, म्हणजे आवर्तकाल, काढायचे तीन मार्ग आमच्या जळगावकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांपुढे असतात. प्रोजेक्टसाठी कोणता घ्यावा म्हणाल तर मी स्टॉपवॉच सांगेन.

फूटपट्टी सगळ्यात झटपट. समजा स्प्रिंगला २०० ग्रॅम टांगल्यावर ती १० सेंटिमीटर ताणली. ०.१ मीटरला ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने गुणा, आलं सुमारे ०.६३५ सेकंद. वजन हलवायचीही गरज नाही. आणि बघा, १० सेंटिमीटरच्या साध्या लंबकाचा आवर्तकालही एवढाच येतो! दोन्ही शेजारी-शेजारी टांगून एकदम सोडा. सुरुवातीला जोडीनं चालतात, मग स्प्रिंग मागे पडत जाते. ३० ग्रॅमची स्प्रिंग असेल तर लंबकाचे वीस हेलकावे होईपर्यंत ती अर्धा हेलकावा मागे असते. कारण वजनाबरोबर स्प्रिंगही हलते आणि तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हिशेबात येतो. फूटपट्टीला तो दिसतच नाही. शिवाय घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग थोड्या वजनाला उघडतच नाही. अशा वेळी दोन वेगवेगळी वजनं टांगून वाढीतला फरक घ्यावा.

स्टॉपवॉचला तो तिसरा हिस्सा बरोबर सापडतो. याच स्प्रिंगचे वीस हेलकावे १२.७ नाही, १३ सेकंदांत होतात. बोट दाबताना ०.२ सेकंद चुकले तरी विसानं भागल्यावर चूक ०.०१ सेकंदावर येते. एकच हेलकावा मोजलात तर तीच चूक आवर्तकालाच्या जवळपास एक तृतीयांश. मोजायची जागाही महत्त्वाची आहे. टोकाला वजन क्षणभर थबकतं, नेमकं कधी वळलं ते डोळ्याला कळत नाही. मधून मात्र ते सर्वांत वेगानं जातं, म्हणून तिथे स्टँडला कागदाची खूण चिकटवा. आणि घड्याळ सुरू करताना तोंडानं ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हणालात तर एकोणीसच हेलकावे होतात आणि उत्तर ०.६२ वर घसरतं. ही चूक हुशार मुलंही करतात. पंखा बंदच हवा. एप्रिलच्या जळगावात ते जिवावर येतं, पण वाऱ्यानं वजन आडवं डुलू लागलं की मोजणी वाया जाते.

पाच-सहा वजनं घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा वजनाशी आलेख काढा. रेषा मागे वाढवली की ती वजनाच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, १० ग्रॅमजवळ छेदते. स्प्रिंगचा तो तिसरा हिस्सा कागदावर उमटलेला बघून मुलांचे चेहरे खुलतात. मी स्टॉपवॉचच्या बाजूनं आहे तो याचसाठी.

फोन कधी घ्यावा? ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरवरून आवर्तकाल थेट देतं. स्प्रिंग कडक असेल आणि हेलकावे डोळ्यांनी मोजता येत नसतील, तर फोनच घ्या. हेलकावे कसे विरत जातात, तेही त्यावर छान दिसतं. मात्र इथे टांगलेलं वजन म्हणजे फोनच, म्हणून तो ज्या पिशवीत टांगाल तिच्यासकट आधी काट्यावर तोलून घ्या, आणि खाली उशी ठेवा.