चिपळुणातले नाण्यांचे दुकान आणि सातव्या एडवर्डचे नऊ पैसे

चिपळूणच्या बाजारपेठेत जुनी भांडी, घड्याळे आणि नाणी विकणारे एक लहानसे दुकान आहे. झिजलेली नाणी जमवणाऱ्याने तेथे अवश्य जावे, मात्र जाण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. सातव्या एडवर्डच्या पाव आण्यांचा, म्हणजे जुन्या पैशांचा, संच पुरा करण्यासाठी मी गेल्या वर्षभरात तेथे चार खेपा घातल्या. हा राजा १९०१ मध्ये गादीवर आला, तरी त्याचा मुखवटा असलेले पैसे १९०३ ते १९१० या सालांचेच आहेत. वर्षे आठ, पण नाणी नऊ. कारण १९०६ मध्ये तांब्याची जागा ब्राँझने घेतली आणि त्या एका सालाचा पैसा दोन्ही धातूंत मिळतो.

या दुकानाची किंमत त्या १९०६ पाशी कळते. दशमान नाणी १९५७ मध्ये येईपर्यंत हातोहाती फिरलेला आणि नंतर डब्यात काळवंडलेला पैसा तांब्याचा की ब्राँझचा, हे रंगावरून ओळखणे कठीण असते, आणि दोहोंचा व्यासही साधारण २५.४ मिलिमीटर, सारखाच. फरक वजनात आहे. तांब्याचा पैसा टांकसाळीतून ६.४७ ग्रॅमचा निघे, तर ब्राँझचा ४.८६ ग्रॅमचा, त्यामुळे राजाचे नाक-कान सपाट होईपर्यंत नाणे झिजले तरी एकाचे वजन दुसऱ्याच्या जवळपास येत नाही. दुकानदारांनी गल्ल्याशेजारी सोनाराचा काटा ठेवला आहे आणि गिऱ्हाइकाला ते तो विनातक्रार वापरू देतात. मी निवडलेले दोन पैसे ६.०९ आणि ४.६५ ग्रॅम भरले, आणि दोन्ही मी प्रत्येकी ४० रुपयांना घेतले.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तेथे नाणी घासत नाहीत. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लखलखीत करण्याची सवय असल्याने देव्हाऱ्यातल्या पैशांचीही तीच गत होते; वर्षानुवर्षे बसलेला तपकिरी थर जातो आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याचे मोल उतरते. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे दुकान बुडाले, तेव्हाही दुकानदारांनी गाळ नुसत्या पाण्याने धुतला. कागदी पाकिटांवरची सालांची नोंद मात्र लगद्यात गेली, त्यामुळे सगळे पैसे आजही एकाच डब्यात आहेत आणि भिंग घेऊन एकेक साल शोधावे लागते. काहींना हा गैरसोयीचा प्रकार वाटेल. माझी दुपार त्यात उत्तम जाते.

दोष दोन आहेत. विकलेले नाणे ते मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून देतात. कोकणातल्या दमट हवेत असे प्लास्टिक तांब्यावर चिकट हिरवा थर सोडते. माझ्या १९०३ च्या पैशाला पहिल्याच पावसाळ्यात तो चढला. आपली कोरी कागदी पाकिटे बरोबर न्यावीत, हे बरे.

दुसरा दोष भावाचा. डब्यातला कोणताही पैसा ४० रुपये, असा तोंडी दर आहे. पण संचात नेमके कोणते साल कमी आहे हे मी एकदा बोलून गेलो आणि १९०७ चा, अक्षरे जेमतेम दिसणारा पैसा मला १५० रुपयांना घ्यावा लागला. तो दुर्मीळ नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. घासाघीस करून उपयोग झाला नाही. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता केवळ १९०९ राहिला आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा डबा उपसणार आहे, आणि या खेपेस विचारलेच तर आपण घड्याळ पाहायला आलो, असे सांगणार आहे.