‘आज राजवाडा बंद आहे’ : बँकॉकमध्ये आमची झालेली फसवणूक

जानेवारी २०२४ मध्ये मी आणि माझी पत्नी पाच दिवसांसाठी बँकॉकला गेलो होतो. आमचा हा पहिलाच परदेश प्रवास. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांसाठी व्हिसाची अट शिथिल केल्यामुळे विमानतळावर भरावे लागणारे माणशी २००० बाटांचे शुल्क वाचत होते, आणि त्या वाचलेल्या पैशांच्या हिशेबातूनच आम्हाला जाण्याचे धाडस सुचले, असे म्हटले तरी चालेल. एका बाटाला तेव्हा सुमारे २ रुपये ३५ पैसे पडत. या प्रवासात एका सकाळी, अवघ्या तीन तासांत, आमचे १८,५०० बाट, म्हणजे जवळजवळ ४४ हजार रुपये, गेले. ही रक्कम आम्हा दोघांच्या विमानाच्या तिकिटांहून अधिक होती. कोणी खिसा कापला नाही, कोणी धमकावले नाही; आम्ही स्वतः कार्ड पुढे केले आणि स्वतःच्या हाताने सही केली. हे सारे कसे घडले ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण ही युक्ती अनेक वर्षे जुनी असूनही त्याच रस्त्यावर, त्याच शब्दांत आजही चालते.

आम्ही खर्चाच्या बाबतीत बरेच काटेकोर होतो. सुवर्णभूमी विमानतळावरून टॅक्सी न करता ४५ बाटांत फाया थाई स्थानकापर्यंत रेल्वेने आलो आणि खाओ सान रस्त्याजवळच्या एका साध्या अतिथिगृहात उतरलो. दिवसाला दोघांत मिळून दीड हजार बाट अशी मर्यादा ठरली होती आणि पत्नी रोज रात्री शंभर पानी वहीत पै-पैचा हिशेब लिहीत असे. हे सांगण्याचे कारण असे की, ‘लोभी माणूसच फसतो’ हे वाक्य मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले, आणि ते मला अर्धेच खरे वाटते. आम्ही लोभाने नव्हे, तर काटकसरीने त्या जाळ्यात गेलो. लोभ नंतर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास सनम लुआंगचे मोठे मैदान ओलांडून आम्ही राजवाड्याच्या पांढऱ्या तटबंदीपाशी पोहोचलो. थायलंडच्या चक्री राजघराण्याचा पहिला राजा, राम पहिला, याने १७८२ मध्ये राजधानी नदीच्या या काठावर आणली तेव्हापासूनचा हा राजवाडा, आणि त्याच्याच आवारात पाचूच्या बुद्धाचे प्रसिद्ध मंदिर. प्रवेशद्वार अजून दोनशे पावले पुढे असेल, तोच इस्त्री केलेला पांढरा सदरा घातलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याजवळ येऊन थांबले. त्यांनी काही विकायला काढले नव्हते, हात पुढे केला नव्हता. त्यांनी फक्त विचारले, “भारतातून आलात? मुंबई?” आपण इथल्या शाळेत शिक्षक असल्याचे त्यांनी सांगितले आणि मग सहज बोलता बोलता म्हणाले की, आज बौद्ध विधी असल्यामुळे राजवाडा परदेशी पाहुण्यांना दुपारी एक वाजेपर्यंत बंद आहे. आत जाणारी माणसे दिसत होती. त्याकडे मी बोट दाखवताच ते शांतपणे म्हणाले, “ते थाई आहेत.”

पुढचे दोन-तीन मिनिटांचे बोलणे मला आज शब्दशः आठवते, कारण त्यातला प्रत्येक शब्द मोजूनमापून ठेवलेला होता. आमच्या हातातला नकाशा त्यांनी घेतला आणि वेळ फुकट जाऊ नये म्हणून तीन ठिकाणांवर पेनाने गोल काढून दिले : उभ्या बुद्धाची मूर्ती, एक ‘भाग्यवान बुद्ध’ आणि तिसरे म्हणजे रत्नांचे निर्यात केंद्र, जिथे सरकारी सवलतीचा आजचा शेवटचा दिवस होता. मग टुकटुकविषयी, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षांविषयी, त्यांनी सावध केले. पर्यटकांना हे लोक लुबाडतात, दोनशे-तीनशे मागतात. पण पिवळ्या पाटीच्या टुकटुका सरकारी असतात, त्या तिन्ही ठिकाणी फिरवून ४० बाटच घेतात. आम्हाला लुबाडणारा माणूसच आम्हाला लुबाडले जाण्यापासून वाचवत होता. योगायोगाने तशी एक टुकटुक समोरच उभी होती. पत्नी हळूच म्हणाली, “अहो, दारापर्यंत जाऊन एकदा विचारून येऊ या का?” मी म्हणालो, “अगं, इथलेच शिक्षक आहेत ते, त्यांना काय मिळायचंय खोटं बोलून?” दोनशे पावले चाललो असतो तर ४४ हजार वाचले असते. ४० बाटांत तीन तास, म्हणजे शंभर रुपयांच्याही आत! ही गोष्ट वहीत लिहिताना किती बरे वाटेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

पहिले ठिकाण खरे होते, आणि इथेच या युक्तीचे कसब आहे. वाट इंथराविहान या मंदिरातली उभी बुद्धमूर्ती ३२ मीटर उंच आहे, सोन्याच्या मुलाम्याच्या काचेच्या तुकड्यांनी मढवलेली आहे आणि ती पाहून आम्ही खरोखर भारावलो. दुसरे मंदिर मात्र लहान आणि निर्मनुष्य होते. तिथे पायरीवर एक तरुण जोडे काढून एकटाच बसला होता. आपण सिंगापूरला वकिली करतो, बायको माहेरच्या लोकांबरोबर बाजारात गेली आहे, असे त्याने सांगितले. रत्नांचा विषय त्याने काढला नाही. आता कुठे जाणार, एवढेच विचारले आणि मी निर्यात केंद्राचे नाव घेताच त्याचा चेहरा उजळला. दरवर्षी या सवलतीच्या आठवड्यात आपण दोन नीलम नेतो, सिंगापुरात दुप्पट भावाने विकतो आणि सहलीचा खर्च काढतो, असे तो म्हणाला. तुम्हा भारतीयांना तर रत्नांतले आमच्यापेक्षा जास्त कळते, असेही वर म्हणाला. राजवाड्याजवळचा शिक्षक आणि हा वकील यांची एकमेकांशी ओळख असेल, असा संशय घेण्याचे काही कारण आम्हाला दिसेना. दोन अनोळखी माणसे, दोन वेगळ्या ठिकाणी, एकच गोष्ट सांगत होती, आणि ती खरी ठरायला एवढे पुरे झाले.

टुकटुकवाल्याचा प्रामाणिकपणा हा तिसरा धागा. दुकानाच्या आधी त्याने गाडी बाजूला घेतली आणि मोडक्या इंग्रजीत सांगून टाकले की, तुम्ही आत दहा मिनिटे नुसते पाहून आलात तरी दुकान मला पेट्रोलचे कुपन देते. जो माणूस स्वतःचा फायदा उघड सांगतो तो बाकीचे काय लपवणार, असे मला वाटले. कुपनाची गोष्ट खरी असते. आत विक्री झाली तर त्यावर दलालीही मिळते, एवढाच भाग त्याने गाळला होता.

दुकान वातानुकूलित, गालिचे अंथरलेले, भिंतीवर राजाचे छायाचित्र. थंड पेय आले. विक्रेत्या बाईंनी आधी एका कारागिराचे काम दाखवले, नंतर आम्हाला बसवले आणि काळ्या मखमलीच्या ताटलीत चार नीलम मांडले. थायलंडमध्ये रंगीत रत्नांचा व्यापार खरोखरच मोठा आहे. चंथाबुरी हे गाव नीलम आणि माणकांच्या बाजारासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. हे मी आधी वाचलेले होते, आणि अशा अर्धवट माहितीमुळे माणूस सावध होण्याऐवजी निर्धास्त होतो. बाईंना शनीचे नावसुद्धा ठाऊक होते! हा खडा भारतात साडेसातीसाठी मागतात, तुमच्या गावात याला तिप्पट भाव येईल, असे त्या म्हणाल्या. आमच्याकडे नीलम लाभतो की नाही हे आधी उशाखाली ठेवून पाहतात, असे मी गमतीने म्हणालो, तर त्या मनापासून हसल्या. मेहुणीच्या लग्नात द्यायला काही हवेच होते, असे पत्नी मराठीत म्हणाली. चारांपैकी दोन खडे २६,००० बाटांना होते, ते ‘शेवटचा दिवस’ म्हणून १८,५०० वर आले.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांकडे तेव्हा माझे लक्ष गेले आणि तरीही मी थांबलो नाही. एक म्हणजे खडे एका कडक प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून त्यावर शिक्का मारला गेला आणि ते पाकीट फोडल्यास हमी रद्द होईल, असे सांगण्यात आले. म्हणजे हमीचा उपयोग ज्यासाठी, ती तपासणीच करायची नव्हती. दुसरी म्हणजे विमानतळावर त्रास नको म्हणून दुकानच ते विम्यासह टपालाने नाशिकला पाठवणार होते. पावतीवर बारीक अक्षरांत ‘स्वतः पाहून, पारखून घेतले’ असे एक वाक्य होते आणि माझी सही त्याच्या खाली होती. बाहेर आल्यावर टुकटुकवाल्याने आम्हाला नदीच्या धक्क्यावर सोडले आणि ४० बाट घ्यायला ठाम नकार दिला. त्या रात्रीच्या हिशेबात टुकटुकपुढे शून्य लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही १६ बाटांच्या नारिंगी झेंड्याच्या बोटीने ता चांग धक्क्यावर उतरलो आणि या वेळी कोणाशी न बोलता थेट दारापर्यंत गेलो. तिकिटाच्या खिडकीशी मी सहज विचारले की, कालचा विधी नीट पार पडला का. खिडकीतल्या मुलीला प्रश्नच कळेना. राजवाडा रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो आणि काल सकाळीही उघडा होता, असे तिने सांगितले. माणशी ५०० बाट देऊन आत गेलो खरे, पण मी काय पाहिले ते विचारू नका. पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती प्रत्यक्षात पाचूची नसून हिरव्या जेड दगडाची आहे, हे तिथेच समजले, आणि एरवी गमतीची वाटली असती ती माहिती त्या दिवशी टोचली.

पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे इंग्रजी बोलणारी माणसे असतात. आम्ही तिथे तक्रार केली; अधिकारी सौजन्याने वागले. आम्ही ‘सरकारी’ हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी जरा दमाने मान हलवली. थाई सरकारचे रत्नांचे दुकान नाही आणि सरकारी सवलतीचा आठवडाही नसतो. त्यांनी दुकानाला फोन लावला. दुकानाने नकार दिला नाही, ही त्यांची खुबी : माल परत आणून द्या, ठरावीक रक्कम कापून पैसे देतो. माल मात्र टपालात होता आणि आमचे विमान त्याच रात्री होते. टपालाने पाठवण्याची ती सोय कोणासाठी होती, हे मला तेव्हा उमगले.

पाकीट बाराव्या दिवशी नाशिकला आले. सराफ बाजारातल्या आमच्या जुन्या सराफांनी ते फोडले, खडा चिमट्यात धरून दिव्यासमोर भिंगाखाली फिरवला आणि मग काही न बोलता भिंग माझ्या हातात दिले. निळ्या रंगात अगदी फिकट रेघा होत्या आणि त्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वळलेल्या होत्या. नैसर्गिक नीलमात वाढीच्या रेघा सरळ किंवा कोनात असतात. अशा वळलेल्या रेघा भट्टीत ज्योतीखाली वाढवलेल्या कृत्रिम खड्यात येतात. ही पद्धत फ्रान्समध्ये १९०२ मध्ये जाहीर झाली, तेव्हापासून असे खडे ढिगाने बनतात. दुसरा खडा खरा होता, पण इतका गढूळ की अंगठीत घालण्याजोगा नव्हता. दोन्हींचे मिळून फार तर दीड-दोन हजार येतील, असे सराफ म्हणाले. बँकेकडे केलेली तक्रार, कार्ड प्रत्यक्ष वापरले असून सही आहे या कारणाने, दीड महिन्याने फेटाळली गेली. खडे परत पाठवायचे तर टपालाचा खर्च, सीमाशुल्काची कटकट आणि तिकडे कापली जाणारी रक्कम, यांचा हिशेब पत्नीने मांडून पाहिला आणि वही मिटली.

जाणाऱ्यांनी माझ्या अनुभवातून एवढे घ्यावे. राजसमारंभामुळे राजवाडा एखाद्या दिवशी खरोखर बंद असू शकतो, पण ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री पाहावे किंवा तिकिटाच्या खिडकीवर विचारावे, रस्त्यावर नव्हे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालून जावे, कारण ‘या कपड्यांत आत सोडणार नाहीत’ ही त्याच संभाषणाची दुसरी सुरुवात आहे. २०१९ पासून सनम चाय हे मेट्रोचे स्थानक राजवाड्याशेजारच्या वाट फो या मंदिराजवळच झाले आहे, त्यामुळे टुकटुकची गरजही उरलेली नाही. रत्ने घ्यायचीच असतील तर माल हातात घ्यावा आणि पैसे देण्याआधी तपासावा. थायलंडच्या रत्न संस्थेची प्रयोगशाळा बँकॉकमध्येच आहे. तपासणीचे नाव काढताच विक्रेत्याचा चेहरा बदलला तर उठावे.

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांचा पुतण्या पुढे डिसेंबरात मित्रांबरोबर बँकॉकला गेला. जाण्याआधी मी त्याला हे सारे ऐकवले होते आणि त्याने ते तरुण मुले ऐकतात तसे ऐकले होते. तिथल्या सकाळी पावणेदहा वाजता त्याचा फोन आला. “काका, एक सद्‌गृहस्थ भेटलेत, आज एक वाजेपर्यंत बंद आहे म्हणतायत.” मी विचारले, “गळ्यात ओळखपत्र आहे का?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आहे. आणि काका, पलीकडे टुकटुकही उभी आहे.”