पहिला एअरब्रश: नऊ महिने वापरल्यावर हवेबद्दलच जास्त सांगावंसं वाटतं

प्लॅस्टिकची छोटी मॉडेल्स रंगवायला एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं हातातलं साधन, घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरेदीआधी तीन आठवडे मी फक्त एअरब्रश बघत होते. नॉझल (रंग बाहेर पडायचं तोंड) ०.२ मिमीचं की ०.३ चं, रंगाचा कप केवढा, ट्रिगर मऊ आहे की कडक. हवा कुठून आणायची हा विषय मात्र एका संध्याकाळीत उरकून टाकला. नऊ महिन्यांनी हिशेब बरोबर उलटा निघालाय. ब्रशबद्दल माझी आज फारशी तक्रार नाही, आणि ज्या दोन मॉडेल्सचा पार विचका झाला ती दोन्ही हवेनं घालवली.

आत्ता टेबलावर आहे ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. ब्रश ड्युअल ॲक्शन (हवा आणि रंग एकाच ट्रिगरवर), ग्रॅव्हिटी फीड (रंगाचा कप वर), ०.३ मिमी सुई. कॉम्प्रेसर तेल न लागणारा, एका पिस्टनचा, खाली ३ लिटरची टाकी. एवढ्यात १/७२ ची (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) एक स्पिटफायर, १/३५ चा एक टी-३४ रणगाडा, १/४८ चं एक मेसरश्मिट १०९ विमान आणि एक अर्धवट जहाज रंगवून झालंय. ही काही तज्ज्ञाची मोजदाद नव्हे, पण चुका करायला पुरेशी आहे.

सुरुवात मी प्रोपेलंटच्या, म्हणजे दाबून भरलेल्या वायूच्या, डब्यानं केली. आवाज नाही, जागा नाही, लगेच काम सुरू. पण डब्यात असतो तो द्रवरूप वायू. ट्रिगर दाबला की तो उकळून बाहेर पडतो आणि उकळायला लागणारी उष्णता डब्याकडूनच घेतो. चार-पाच मिनिटांत डबा हाताला गार लागतो, मग त्यावर दव धरतं आणि प्रेशर उतरायला लागतं. स्पिटफायरच्या डाव्या पंखावर डार्क ग्रीन छान बसला. उजव्या पंखापर्यंत पोचेतो हवा अर्धी झाली होती, थेंब मोठे पडायला लागले आणि पंख खरखरीत कागदासारखा झाला. डबा कोमट पाण्याच्या भांड्यात उभा केला की थोडं सावरतं. कोमटच हं, गरम पाण्यात तो डबा ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. डब्याचा खरा उपयोग एवढाच की हा छंद आपल्याला जमेल का, ते एका रविवारी कळतं.

मग आणला बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर. पिस्टनचा प्रत्येक ठोका नळीतून थेट ब्रशपर्यंत पोचत होता. मोठ्या भागावर रंग मारताना ते जाणवत नाही, पण बारीक रेघ ओढायला गेलं की रेघेऐवजी मण्यांची माळ उमटते. लांब नळी लावली तर ठोके थोडे मऊ होतात. मोटर सतत चालू राहत असल्यानं अर्ध्या तासात हात लावू नये इतकी तापायची. त्या तापण्यातूनच दुसरा घोटाळा झाला.

टी-३४ च्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) हिरव्याचा शेवटचा हात चालू होता. एकदम ब्रशनं फुस्स केलं आणि ओल्या रंगात पाच-सहा गोल खड्डे पडले. मला वाटलं रंगात कचरा आहे. गाळला. पुन्हा तेच. थिनर बदलला, तरी तेच. शेवटी नळी काढून तोंड कागदावर धरलं तर कागद भिजला. पाणी मुरत होतं ते अक्षरशः नळीत! दाबल्यावर हवा तापते आणि तिच्यातलं बाष्प तसंच पुढे जातं. नळीत हवा निवते तेव्हा त्याचे थेंब होतात. कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारं भांडं) होता, पण तो मशिनलाच चिकटलेला. तिथे हवा अजून गरमच, मग तो पकडणार काय? आता दुसरा छोटा ट्रॅप ब्रशच्या अगदी खाली, हँडलपाशी बसवलाय. त्यात साठलेलं पाणी दिसतं, हे मनाला फार बरं वाटतं.

टाकीवाल्या कॉम्प्रेसरनं या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी मिटवल्या. टाकीत ठोके विरतात आणि हवा निवते, त्यामुळे बरंचसं पाणी टाकीच्या तळाशीच उरतं. खालचा स्क्रू सैल करून ते दर वेळी काम संपल्यावर सोडायचं. पहिल्या महिन्यात मी विसरले होते. सोडलं तेव्हा निघालं ते तांबूस, गंजाच्या रंगाचं पाणी. त्यानंतर विसरले नाही.

टाकी म्हणजे शांतता, ही मात्र समजूत चुकीची. माझा कॉम्प्रेसर ४ बारला थांबतो आणि ३ बारला पुन्हा सुरू होतो. ३ लिटरच्या टाकीत १ बारचा फरक म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली हवा जेमतेम ३ लिटर. ब्रश मिनिटाला साधारण दहा लिटर ओढतो असं धरलं तर वीसेक सेकंदांत मोटर पुन्हा घरघरायला लागणार, आणि लागतेच. टाकी घ्यायची ती सपाट, सलग हवेसाठी. अगदीच शांतता हवी असेल तर कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असतं: कोरडा वायू, ठोके नाहीत, आवाज नाही. पण साध्या खोलीच्या तापमानालाच आत पन्नास बारच्या वर दाब असतो, त्याला त्याचाच रेग्युलेटर (दाब कमी करून देणारी झडप) लागतो आणि बंद खोलीत गळती झाली तर ती जिवावर बेतू शकते. मला ते झेपलं नाही, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

गळतीवरून आठवलं. नवा कॉम्प्रेसर जोडल्यावर ब्रशला हात न लावता दहा मिनिटं तसाच ठेवा. मोटर आपोआप सुरू झाली तर कुठंतरी हवा निसटतेय. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. माझ्याकडे तीन ठिकाणी दाखवली. टेफ्लॉन टेपचे चार वेढे आणि काम झालं.

प्रेशर किती ठेवायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. कुणी १५ पीएसआय (साधारण १ बार) म्हणतं, कुणी ३०. गोम अशी आहे की ट्रिगर सोडलेला असताना गेजवर दिसतो तो आकडा आणि हवा वाहत असताना दिसतो तो आकडा वेगळा असतो. माझ्या रेग्युलेटरवर २० दिसत असेल तर ट्रिगर दाबल्यावर १६ होतात. तेव्हा हवा वाहती ठेवूनच सेट करायचं. मी पातळ केलेल्या ॲक्रिलिकला १५ ते १८, प्रायमरला २० ते २५ आणि बारीक कामाला १० च्या आसपास ठेवते. प्रेशर कमी केलं की रंगही आणखी पातळ लागतो. ही जोडी सुटली की काहीच जमत नाही.

आता ब्रश. ड्युअल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सगळे सांगतात की शिकायला अवघड. मला तसं वाटलं नाही, कागदावर ठिपके आणि रेघा काढत दोन संध्याकाळी गेल्या की बोटाला कळतं. अवघड आहे ती एक सवय: हवा आधी सुरू, रंग आधी बंद. ट्रिगर एकदम सोडून दिला तर नॉझलच्या टोकाशी रंग राहतो आणि पुढच्या वेळी पहिलाच फवारा थुंकल्यासारखा उडतो. म्हणून प्रत्येक फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा.

०.३ का घेतलं? ०.२ मध्ये प्रायमर आणि धातूचे रंग वरचेवर अडकतात, आणि नवशिक्याला रंग अजून नीट पातळ करता येत नसतो. ०.५ नं जहाजाचा तळ झटपट होतो, पण १/७२ च्या विमानावर ते फार सढळ वाटतं. वरचा कप घ्यावा, कारण वजनानंच रंग खाली येतो, त्यामुळे कमी प्रेशरवर काम होतं आणि पाच थेंब रंगातही भागतं. खालून बाटली लावायच्या प्रकारात तेवढ्यात काहीच होत नाही.

खरेदी करताना मी एकच शहाणपणा केला आणि तोही पहिला ब्रश वाया गेल्यावर. तो पहिला ब्रश, नाव नसलेल्या संचातला, वाईट नव्हता. रंग मारायचा. पण साफ करताना नॉझल छोट्या पान्यानं जरा जास्तच आवळलं आणि त्याची मान तडकली. लक्षण असं की कपात रंगाला बुडबुडे यायला लागतात, हवा उलटी आत शिरते म्हणून. नवं नॉझल शोधलं, तर त्या ब्रशसाठी ते सुटं मिळतच नव्हतं. एवढासा पितळेचा तुकडा, पण त्याच्यावाचून बाकीचा ब्रश शोभेची वस्तू. दुसरा ब्रश घेताना आधी त्याची सुई, नॉझल आणि सील सुटी मिळतात का ते पाहिलं आणि मगच बाकीचं वाचलं. सील पीटीएफईचीच (म्हणजे टेफ्लॉनचीच) घ्या, साध्या रबराची लॅकर थिनरनं फुगतात. नळीचे आटेही बघून घ्या. बऱ्याच कंपन्या १/८ बीएसपी या मापाचे आटे वापरतात, पण बॅजर आणि पाशे या कंपन्यांचे आटे वेगळे, त्यांना ॲडॉप्टर लागतो.

रंग पातळ करण्याबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकायला मिळतं: दुधासारखा. कुठलं दूध ते कुणी सांगत नाही. माझी खूण अशी आहे: साध्या केसांच्या ब्रशनं कपाच्या भिंतीवर रंग वर ओढायचा. तो सरळ घसरून खाली गेला आणि मागे फिकट, पारदर्शक पापुद्रा उरला तर जमलं. जाड पडदा राहिला तर थिनर अजून हवा. भिंत लगेच स्वच्छ दिसली तर जास्त झाला, आणि असा रंग मॉडेलवर कोळ्याच्या पायांसारखा पसरतो. तसे पाय मात्र रंग बरोबर असूनही ब्रश फार जवळ आणि ट्रिगर फार मागे असला तरी येतात.

आणि थिनर रंगाच्या जातीचाच घ्या. टामिया कंपनीच्या ॲक्रिलिकमध्ये लॅकर थिनर घातला तर तो आणखी गुळगुळीत बसतो, हे अनुभवून मी फुशारले आणि तोच प्रयोग व्हॅलेहोच्या पाण्याच्या ॲक्रिलिकवर केला. कपात क्षणात रबरासारख्या गाठी झाल्या. नॉझलमधून तो गोळा काढायला रविवार गेला. दोन्ही बाटल्यांवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असतं, यात माझा काय दोष, असं त्या दिवशी वाटलं होतं. दोष होताच.

पाण्याच्या रंगांचा दुसरा त्रास म्हणजे सुईच्या टोकावर वाळणारा रंग. फवारा बारीक होत होत बंद पडतो. रिटार्डरचे (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घालायचे आणि दर काही मिनिटांनी थिनरात बुडवलेल्या मऊ ब्रशनं टोक पुसायचं. पुसताना कापूस नको, त्याचे धागे अडकतात.

साफसफाईला किती वेळ जातो? रंग बदलताना मिनिटभर: कप पुसायचा, थिनर मारायचा, स्वच्छ फवारा आला की पुढचा रंग. दिवसाच्या शेवटी सुई मागे काढून पुसायची, दहा मिनिटं धरा. नॉझल मी आता क्वचितच काढते. पहिले दोन महिने रोज सगळा ब्रश सोडवून ठेवायचे आणि त्यातच सुईचं टोक एकदा वाकवलं. फवारा एका बाजूला जायला लागला तेव्हा कळलं. टोक नखावरून अलगद फिरवलं की वाकलेलं लगेच टोचतं. काचेवर तिरकी धरून फिरवत सरळ केली, पण पूर्वीसारखी झाली नाही. ती आता रोजच्या साध्या कामाला आहे.

मास्कबद्दल थोडकंच, पण टाळू नका. ॲक्रिलिकला वास कमी असतो, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. बारीक कण फुप्फुसात जायचे ते जातातच. लॅकर मारत असाल तर सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि वाफ बाहेर काढणारा पंखा लागतोच. मास्क घालून थिनरचा वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं.

मेसरश्मिटच्या बाजूंवर आरएलएम ७६ वर ७४ आणि ७५ चे (हे त्या काळच्या जर्मन विमानांच्या रंगांचे क्रमांक) ढगाळ ठिपके होते. त्याच्या भीतीनंच मी ते किट सात महिने उघडलं नव्हतं. प्रेशर ८ पीएसआय, रंग जवळजवळ थिनरच, ब्रश विमानाच्या पृष्ठभागापासून बोटभर अंतरावर. आधी कागदावर, मग जुन्या स्पिटफायरच्या त्या खरखरीत पंखावर, मग खऱ्या मॉडेलवर. दुसऱ्या बाजूला ठिपके पहिल्यापेक्षा बरे आले, म्हणून शेल्फवर ते विमान कायम उजवी बाजू पुढे करून उभं आहे. ०.२ चं सुई-नॉझलही तेव्हाच घेतलं होतं. ते अजून पाकिटातच आहे.