जुगाडी सायडर: हिवाळा काढल्यावर काय ठेवलं, काय बदललं

घरी सायडर, म्हणजे यीस्टने आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाची हलकी दारू, करताना सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते सायडरच्या सामानाच्या कुठल्याही यादीत नसलेलं उपकरण: पोळ्यांची कणीक मोजायचा किचनमधला डिजिटल काटा. सगळ्यात आधी बाद झाला तो फुगा.

मी ब्रिस्टलजवळ राहते. इथे ऑक्टोबरात लोक परसातली जास्तीची सफरचंदं खोक्यात भरून, ‘हवी तेवढी न्या’ अशी पाटी लावून फाटकाबाहेर ठेवतात. त्या आमिषाने सुरुवात केली तेव्हा घरात रस काढायचा प्रेस, डेमीजॉन (आंबवायची अरुंद तोंडाची मोठी काचेची बाटली), एअरलॉक (वायू बाहेर सोडून हवा आत येऊ न देणारी झडप), हायड्रोमीटर यांतलं काहीच नव्हतं. आता उन्हाळा आलाय आणि पहिल्या घाण्यातल्या शेवटच्या बाटल्या फ्रिजमध्ये आहेत. (इथे स्वतःपुरती घरी सायडर करायला परवाना लागत नाही, विकायची झाली तर नियम वेगळे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पुण्यातल्या धाकट्या भावाला म्हणून मी फक्त फोटो पाठवते.)

रस काढण्यापासून सांगते. प्रेस नसेल तर सफरचंदं धुवा, सडका भाग कापून टाका, फोडी करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वितळू द्या. बर्फाने पेशी फुटतात, फोडी लिबलिबीत होतात आणि हाताने पिळल्या तरी रस सुटतो. श्रीखंडासाठी चक्का टांगायचं जाड फडकं यासाठी उत्तम. तरीही दहा किलोंतून जेमतेम चार लिटर रस निघतो आणि दुसऱ्या दिवशी मनगटं बोलतात. पितळी पातेलं आणि लोखंडी कढई यापासून लांब ठेवा. रस आंबट असतो, धातू त्यात उतरतो, चव आणि रंग दोन्ही बिघडतात. स्टील चालतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याने हा सगळा व्याप करूच नये, असं माझं मत. दुकानातला पाश्चराइज्ड रस आणा. फक्त डब्यावर पोटॅशियम सॉर्बेट किंवा दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह नाही ना, ते बघा, कारण त्यात यीस्ट वाढत नाही. व्हिटॅमिन सी घातलेलं असेल तर हरकत नाही.

आता काटा. हायड्रोमीटर रसाची घनता दाखवतो, म्हणजे साखर किती उरली ते कळतं. तो नसेल तर दोन गोष्टी हाताशी असतात. एक, डब्यावरचं लेबल. माझ्या रसात १०० मिलीला साडेदहा ग्रॅम साखर होती. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे सगळी साखर आंबली तर सहा टक्क्यांच्या आसपास. दुसरी गोष्ट, वजन. साखर आंबते तेव्हा तिच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. चार लिटर रसात ४२० ग्रॅम साखर, म्हणजे बाटली शेवटी साधारण २०० ग्रॅमने हलकी व्हायला हवी. माझा काटा पाच किलोंपर्यंतच मोजतो. काचेचा डेमीजॉन त्यावर बसला नसता, पण पाण्याची रिकामी पाच लिटरची प्लास्टिकची बाटली रसासकट बसते. झाकण आणि नळी दर वेळी तशीच ठेवून वजन करायचं आणि आकडा बाटलीवरच्या चिकटपट्टीवर लिहायचा. सुरुवातीला आकडा रोज भराभर उतरतो, मग रेंगाळतो. अपेक्षेच्या जवळ येऊन आठवडाभर तिथेच थांबला की झालं. नंतर हायड्रोमीटर उसना आणून ताडून पाहिला, दोघांचं मत जुळलं. स्वतःचा मात्र अजून घेतलेला नाही.

फुग्याबद्दल सगळीकडे कौतुक वाचाल. बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा, टाचणीने भोक पाडायचं, वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. पहिले चार दिवस ठीक. मग रबर सैल होतं, भोक मोठं होतं, आणि फेस वर आला तर फुगा चिकट होऊन निसटतो. त्यापेक्षा झाकणाला भोक पाडून मत्स्यपेटीची बारीक नळी घट्ट बसवा आणि दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. हा जुगाड मी अजून वापरते. खरा एअरलॉक दोन-तीन पौंडांत मिळतो, तोही आता आहे, पण फेसाच्या दिवसांत नळीच बरी.

यीस्टमध्ये मात्र काटकसर नको. पावाच्या यीस्टनेही सायडर होते, पण गाळ नीट बसत नाही, बाटली हलली की पुन्हा गढूळ. वाइनच्या यीस्टची पाच ग्रॅमची पुडी स्वस्त असते आणि चार-पाच लिटरला अर्धी पुरते. गाळ घट्ट बसला की सायफनने वरची सायडर काढणं सोपं. सायफनच्या नळीला मी रबरबँडने चॉपस्टिक बांधते, टोक गाळापासून बोटभर वर राहतं. नळीत आधी उकळून गार केलेलं पाणी भरून प्रवाह सुरू करा, तोंडाने ओढू नका.

निर्जंतुक करायला खास पावडर नव्हती, म्हणून बाळाच्या बाटल्यांसाठी मिळणारं मिल्टन वापरलं. काम होतं, पण नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळावं लागतं, नाहीतर क्लोरीनमुळे औषधी चव येते.

पाण्याच्या बाटलीची मर्यादा हिवाळ्यात कळली. एकच सायडर मी मुद्दाम अर्धी प्लास्टिकमध्ये आणि अर्धी गळ्यापर्यंत भरलेल्या काचेच्या भांड्यात मुरत ठेवली. वसंतात काचेतली मऊ झाली होती, प्लास्टिकमधली शिळी लागली. पातळ प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो, शिवाय वरची रिकामी जागा. आंबायला प्लास्टिक चालेल, मुरायला काच हवी. दुसऱ्या घाण्याआधी जुन्या सामानाच्या दुकानातून डेमीजॉन आणला.

बुडबुडे हवे असतील तर तिथे जुगाड एकच: सोडा किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या आणि जॅमच्या बरण्या अजिबात नाहीत. काचेची चुकीची बाटली फुटली तर तुकडे भिंतीत घुसतात. वजन थांबल्यावरच भरा, अर्ध्या लिटरला सपाट अर्धा चहाचा चमचा साखर घाला, वर दोन बोटं जागा ठेवा. बाटली रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की थेट फ्रिजमध्ये.

चवीबद्दल एक. खायच्या सफरचंदांत तुरटपणा कमी असतो. सायडरच्या जातींची गोष्ट वेगळी: शेजारच्या लाँग अ‍ॅश्टनच्या संशोधन केंद्रात (१९०३ ते २००३) जे वर्गीकरण झालं, त्यात ०.२ टक्क्यांहून जास्त टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) असलेली फळं ‘कडू’ गटात धरतात. माझ्याकडे तशी फळं नव्हती, म्हणून चार लिटरला एक कप कडक कोरा चहा घातला. फरक कळतो. साखर सगळी आंबल्यामुळे सायडर कोरडी, म्हणजे बिनगोडीची होते, आमच्याकडे पाहुण्यांना ती पहिल्या घोटाला आंबट वाटते. बाटलीत गोडी घालायच्या भानगडीत न पडता ग्लासातच थोडा रस मिसळून देते.

या ऑक्टोबरात फडक्याने पिळणार नाही. इथे अनेक गावांत सामुदायिक प्रेस असतो, सफरचंदं न्यायची, थोडे पैसे द्यायचे, रस घेऊन यायचा. डेमीजॉन आणखी दोन लागतील.