सिक्सर मारायच्या तीन काड्या

कापसाची पहिली वेचणी उरकली की आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगावी टेनिस बॉलचे सामने लागतात. पुतण्या आमच्या टीमचा ओपनर. फटका चांगला, पण बॉल बाउंड्रीच्या अलीकडेच पडतो. त्याला मोबाइलवर जाहिरात दिसली: हिरवी, पांढरी, लाल अशा तीन काड्या, रोज दहा मिनिटं फिरवा, तीन आठवड्यांत सिक्सर. "काका, मले हे पायजेच." किंमत १,४९९. त्यातले १९९ आधी यूपीआयने, बाकी पार्सल आल्यावर. व्हिडिओतला माणूस क्रिकेट नाही, गोल्फ खेळत होता. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते अन् पोट्टं हट्टाला पेटलं होतं.

पार्सलवाल्यानं आधी पैसे घेतले, मग डबा दिला. आत वायरिंगचे पाइप, वरून रंग मारलेले, टोकाला बूच, मुठीला सायकलची ग्रिप. चौथ्या दिवशी लाल काडीचं बूच उडालं आणि अंगणभर रेती. आई ओसरीवरून म्हणाली, "काहून रे, रेतीघाट घरी आणला का?"

उरलेल्या दोन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. 'हलकी' हिरवी ६१० ग्रॅम, 'मधली' पांढरी ५९०.

मामेभाऊ नागपूरला गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या उचलतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, अशी वस्तू खरंच असते. गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटका मारायची काठी, साधारण ३०० ग्रॅमचा. एक काडी त्याहून वीस टक्के हलकी, दुसरी दहा टक्के हलकी, तिसरी पाच टक्के जड. म्हणजे २४०, २७०, ३१५. हलकी काडी जोरात फिरवून अंगाला जास्त वेगाची सवय लावायची. किलोभराच्या बॅटचा यात हिशेबच नाही. "सहाशे ग्रॅमची हलकी? खांदा जाईन त्याचा!" पुतण्या दोन दिवसांपासून कोपर धरून बसतच होता.

इथवर १,४९९च गेले होते. पुढचं माझं कर्म.

पैसे परत मागायला मी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. सापडला तो त्याच टोळीचा की दुसऱ्या कोणाचा, देव जाणे. माणूस गोड हिंदीत बोलला, क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. टाकला. ४,९९९ कापले गेले. "गलती से कट गया भैया, एक बार और कीजिए, दोनों साथ में आएंगे." आणि राजेहो, मी पुन्हा टाकला.

दोन दिवस घरात कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? तिसऱ्या दिवशी पुतण्यानं बँकेचा मेसेज वाचला आणि त्यानंच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावून दिला. तक्रार घेतली, व्यवहाराचा नंबर आणि वेळ विचारली. मग बँकेत गेलो. काउंटरवरची ताई म्हणाली, "काका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला म्हणजे आपणच दिले. अन् त्याच तासात १९३० ला फोन केला असता तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता आली असती." तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. तक्रार अजून चालू आहे.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. पेजचं नाव नवं, व्हिडिओतला गोल्फवाला तोच, किंमत आता १,२९९.