२००-५०० लेन्ससाठी बॅगेचे कप्पे स्वतः बनवले, त्याला आठ महिने झाले

निकॉनची २००-५०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली तेव्हा बॅगेचा विचारच केला नव्हता. पाठीवरची चांगली बॅग घरात होती. आतून ४४ सेंटीमीटर लांब, २८ रुंद, १५ खोल. लेन्स २६७.५ मिलिमीटर लांब, १०८ मिलिमीटर जाड, आणि ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं कडं, त्याच्या पायाला ट्रायपॉड जोडतात) धरून २३०० ग्रॅम. माझा डी७५०० कॅमेरा जोडला की वजन तीन किलो आणि लांबी साधारण ३४ सेंटीमीटर. कागदावर सगळं बसत होतं, पण बॅगेची चेन काही लागेना.

अडत होता तो कॉलरचा पाय. तो वर ठेवला की झाकणाला टेकायचा, खाली घेतला की अख्खी लेन्स उचलली जायची. रेटून चेन लावली तर झाकणावरून त्याचा उंचवटा हाताला लागायचा, म्हणजे बाहेरचा प्रत्येक धक्का थेट लेन्सला.

त्याहून काळजीची गोष्ट दोन दिवसांनी लक्षात आली. ही लेन्स पुढे जाड आहे आणि कॅमेऱ्याकडे निमुळती होत जाते. बॅगेसोबत आलेल्या पडद्या, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या आतल्या भिंती, सरळसोट; तळ सपाट. अशा तळावर आडवी ठेवली की पुढचं टोक टेकतं, मागे कॅमेरा, आणि मधला बारीक भाग अधांतरी. गाडीच्या डिकीत बॅग आडवी असेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला हा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या जागी. वेल्क्रोची पडदी कितीही घट्ट बसवा, ती बाजूने धरते, खालून उचलत नाही. त्यामुळे मोठ्या लेन्सचा कप्पा करताना आधी आधाराची जागा ठरवायची आणि मग भिंतींचं बघायचं, हे माझं आता पक्कं मत झालं आहे.

बॅग बनवणाऱ्या कंपनीकडे जादा पडद्या मागितल्या. सुट्या विकत नाही, असं उत्तर आलं. मग जूनमध्ये घरीच पहिला प्रयत्न केला. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम कापला, त्यावर जुन्या ओढणीचं कापड चढवलं आणि तळाला गादीचा स्पंज घातला. पहिला महिना फार छान गेला. ऑगस्टमध्ये पुण्याजवळच्या कवडीपाटहून पक्षी टिपून परत येऊन बॅग उघडली तर कॉलरचा स्क्रू पडदीत रुतून आरपार गेलेला. दोन सेंटीमीटरचा फोम दबून जेमतेम निम्मा उरला होता आणि लेन्स आत हलत होती. स्पंजाची गत त्याहून वाईट. सिंहगड रस्त्यावर एकदा पावसात सापडले होते, त्यानंतर दोन दिवसांनी स्पंज दाबून पाहिला तर बोट ओलं झालं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत बंद बॅग, आत ओला स्पंज आणि त्याला लागून काच, म्हणजे बुरशीला आयतं घर. त्याच रात्री सगळं काढून फेकलं, आणि लेन्स टॉर्च लावून तपासली तेव्हा कुठे झोप लागली.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. बोहरी आळीत दोन चकरा मारून चपलांच्या तळव्याला वापरतात तो ईव्हीए फोम आणला, १० मिलिमीटरचा आणि २० मिलिमीटरचा. याची छिद्रं बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही आणि दाबला तरी लवकर बसत नाही. पडदीला ताठपणा यावा म्हणून आत सनपॅक शीट घातली, म्हणजे आतून नळ्यानळ्यांची प्लॅस्टिकची शीट. फ्लेक्सवाल्याकडे तिचे कापून उरलेले तुकडे मिळतात. मात्र सनपॅकच्या आतल्या नळ्या कोणत्या दिशेने आहेत ते बघूनच कापा. माझी पहिली पडदी उभ्या नळ्यांची झाली आणि मधोमध पुठ्ठ्यासारखी दुमडली. नळ्या पडदीच्या लांबीच्या दिशेने हव्यात.

फोमला सुरी लावण्याआधी पुठ्ठ्याचे साचे केले. बॅगेच्या मूळ पडद्यांना हात लावला नाही, त्या तशाच कपाटात आहेत. साचे तीनदा बदलले आणि चौथ्यांदा जमलं. तेही कॉलर ९० अंशांत फिरवून पाय बाजूला घेतला म्हणून. या लेन्सची कॉलर सैल करून फिरवता येते, पण बॅगेत ठेवताना ती फिरवावी हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. पाय आडवा झाल्यावर उंचीचा प्रश्न मिटला. उजव्या पडदीला पायाच्या मापाची खाच पाडली, पाय त्यात अडकतो आणि लेन्स आपोआप जागेवर राहते. निमुळत्या भागाखाली अर्धगोल कापलेली घोडी ठेवली, २० मिलिमीटरचे दोन थर चिकटवून. आता भार घोडीवर येतो आणि माउंट मोकळा राहतो.

उरला बॅग उभी असतानाचा प्रश्न. पाठीवर घेतल्यावर माझी लेन्स तोंड खाली करून उभी असते, म्हणजे तीन किलोचा भार लेन्सच्या पुढच्या झाकणावर. तिथे सपाट फोम ठेवून बघितला, पण झाकण दाबलं जायचं. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "अगं, हंड्याखाली ठेवतो तशी चुंबळ कर की." तशीच केली. मधे पोकळ, कडा जाड. लेन्सची कड चुंबळीवर टेकते आणि झाकण पोकळीत राहतं. तोंड खाली असताना ही लेन्स स्वतःच्या वजनाने सरकून लांब होऊ शकते, त्यामुळे बॅगेत ठेवण्याआधी झूम २०० वर (सर्वांत आखूड) आणून त्याचं लॉक लावायलाच हवं. हे एकदा विसरले होते, तेव्हा लेन्स लांब होऊन कॅमेरा वरच्या पडदीवर रेटला गेला होता.

शिलाई रविवार पेठेतल्या एका बॅग दुरुस्तीवाल्या काकांकडून करून घेतली. घरच्या मशीनवर एवढा जाड थर जात नाही. साचा उलटसुलट करून ते म्हणाले, "ताई, खाचेच्या कडेला पायपिंग मारू का? नाहीतर कापड उसवंल." म्हणजे कडेवरून कापडाची अरुंद पट्टी शिवायची. मी घाईत होते, नको म्हटलं. कापड मात्र त्यांनीच सुचवलेलं घेतलं, वेल्क्रो धरेल अशी लव असलेलं. सगळं मिळून साडेनऊशे रुपये खर्च आला. घोडी आणि चुंबळ सोल्युशनने चिकटवली होती. त्याचा वास जाईपर्यंत आठ दिवस गॅलरीत वाऱ्यावर ठेवली आणि मगच लेन्सच्या जवळ नेली.

ऑगस्टअखेर हे सगळं बॅगेत गेलं. आता एप्रिल संपत आला. या काळात बॅग सर्वांत जास्त हिंदकळली ती जानेवारीत भिगवणला. कुंभारगावला पहाटे होडीत बसलो. पट्टकादंब हंस दूर होते, फ्लेमिंगो त्याहून दूर. होडीच्या तळाशी बोटभर पाणी होतं आणि बॅग त्यातच उभी होती. तासाभराने उघडली तेव्हा बॅगेचं बूड भिजलेलं, चुंबळीचं कापड खालून दमट, पण वरची कड आणि लेन्स कोरडी. घरी आल्यावर चुंबळ काढून पंख्याखाली ठेवली, तीन तासांत वाळली. गादीच्या स्पंजाची आठवण झाली आणि खरंच बरं वाटलं.

फोमची जाडी परवा मोजली. घोडी अजून ४० मिलिमीटर भरते, चुंबळ मात्र एका बाजूला दोन मिलिमीटर बसली आहे. माउंटला ढिलेपणा नाही. कॉलरच्या स्क्रूचा वळ पडदीवर उमटला आहे, पण फोम फाटलेला नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या कामाच्याच आहेत. पहिली वेल्क्रोच्या आवाजाची. पाषाण तलावावर पहाटेच्या शांततेत आतली वरची पडदी ओढली आणि समोरचा खंड्या उडून गेला. म्हणून त्या एका पडदीचा वेल्क्रो काढून टाकला, ती आता नुसती दाबून बसते. दुसरी म्हणजे लहान लेन्सची जागा गेली. ३५ मिलिमीटरची कशीबशी कोपऱ्यात बसते, बाकी काही नाही. लग्नाचं काम करणाऱ्यांना ही मांडणी परवडणार नाही, त्यांनी मूळ पडद्याच वापराव्यात.

पडद्या लावताना एक युक्ती फार उपयोगी पडली. वेल्क्रो भलत्याच जागी चिकटतो, मग ओढाताण होते आणि बॅगेच्या अस्तराची लव निघते. त्यासाठी वेल्क्रोवर वर्तमानपत्राची घडी धरायची, पडदी योग्य जागी सरकवायची आणि मग कागद हळूच ओढून घ्यायचा. हुकांमध्ये अडकलेले धागे मी महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने काढते, त्यामुळे पकड अजून पहिल्यासारखी आहे.

मैत्रिणीने माझे साचे मागितले, तिच्याकडे सोनीची २००-६०० आहे. ते तिला चालणार नाहीत. ती लेन्स ३१८ मिलिमीटर लांब आहे, आणि तिच्या कॉलरचा पाय कुठे येतो, कोणता भाग किती बारीक होतो, ते लेन्स पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने आखल्याशिवाय कळणार नाही. रविवारी ती लेन्स घेऊन येणार आहे. त्याच दिवशी माझी उजवी पडदी काकांकडे न्यायची आहे. खाचेच्या कडेचं कापड उसवलं आहे, त्यांनी सांगितलेलं पायपिंग आता मारून घेते.