मेलपेटीतली माणसं दाखवणारं जेफी: कामाचं आहे, पण आधी चाळण लावा

जुन्या मेलमधून आपली माणसं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे चित्रात पाहायचं असेल, तर घरच्या संगणकावर फुकट चालणारं जेफी हे भरवशाचं साधन आहे. २०१३ साली एमआयटी मीडिया लॅबमधल्या डॅनियल स्मिल्कोव्ह, दीपक जगदीश आणि सीझर हिदाल्गो यांनी 'इमर्शन' आणलं. मजकुराला हात न लावता कुणी, कुणाला, प्रत कुणाला आणि केव्हा, एवढ्यावर ते जाळं काढायचं. पण त्यासाठी मेलपेटी त्यांच्या हवाली करावी लागे. जेफीत मेल घराबाहेर जात नाही. अडचण एवढीच की जेफीला मेलपेटी थेट वाचता येत नाही, कोण कुणाशी जोडलेलं आहे याचा तक्ता लागतो. खरी मेहनत त्या तक्त्याची.

मेल उतरवून घ्यायची गुगलची सोय म्हणजे टेकआउट. तिच्यात आधी सगळ्या खुणा काढून फक्त मेल निवडा. तिथेच लेबलांची यादी उघडून स्पॅम आणि ट्रॅश वगळा, नाहीतर तेही सोबत येतं. मोठी पेटी तयार व्हायला तास काय, दिवसही लागतो आणि लिंक साधारण आठवडाभरच चालते. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या नेटवरून पेनड्राइव्हवर आणणार असाल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला असल्याची खात्री करा. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही आणि टेकआउटची एमबॉक्स, म्हणजे सगळी मेल एकत्र असलेली फाइल, बहुतेक वेळा तिथेच अडकते.

पुढचं काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं. त्यातलं मेलबॉक्स मोड्यूल फक्त शीर्ष (कुणी, कुणाला, केव्हा) वाचणाऱ्या बायट्सहेडरपार्सरसोबत वापरा, म्हणजे जोडपत्रं उलगडत बसण्यात वेळ जात नाही. देवनागरी नावं शीर्षात सांकेतिक रूपात असतात, ती उलगडून घ्या. पण ओळख पत्त्यावरूनच ठरवा, नावावरून नको. एकाच सरांचे कॉलेजचे, जीमेलचे आणि जुने रेडिफचे असे तीन पत्ते असतील तर त्यांची तीन माणसं होतात. जीमेल पत्त्यातले टिंब काढा, सगळी अक्षरं लहान करा आणि एकाच माणसाचे उरलेले पत्ते हातानं एका यादीत लिहा. तासभर जातो, पण तो चुकवू नये.

सगळ्यात जास्त घात करतात ती परिपत्रकं. विद्यापीठातून किंवा जिल्हा परिषदेतून ८० जणांना गेलेल्या एका मेलमध्ये प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी धरली जाते आणि ३,१६० जोड्या तयार होतात. अशी वीस परिपत्रकं आली की नांदेडपासून धाराशिवपर्यंतची सगळी माणसं एकाच गोळ्यात अडकतात, आणि त्यातल्या अर्ध्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. दहापेक्षा जास्त पत्ते असलेली मेल जोड्यांमधून सरळ वगळा. बँक, रेल्वे तिकीट, ओटीपी यांना वेगळी यादी लागत नाही: ज्यांना तुम्ही किमान तीन मेल पाठवल्या आणि ज्यांच्याकडून किमान तीन आल्या, तेवढीच माणसं ठेवली की हा कचरा आपोआप गळतो.

आता नाजूक भाग. जेफीच्या चित्रात माणूस म्हणजे ठिपका आणि जोडी म्हणजे रेघ. प्रत्येक मेलमध्ये तुम्ही असताच, म्हणून तुमचा ठिपका ठेवला तर तो सगळ्यांना जोडला जातो आणि गट दिसतच नाहीत. तो काढायलाच हवा. पण काढला की जो माणूस फक्त तुम्हालाच लिहितो त्याच्या सगळ्या रेघा जातात, आणि बऱ्याचदा तोच सर्वांत जवळचा असतो. रेघांच्या तक्त्यात तो येणारही नाही. म्हणून ठिपक्यांचा वेगळा तक्ता करा, त्यात पाठवलेल्या आणि आलेल्या मेलपैकी जो आकडा लहान तो ठिपक्याचा आकार म्हणून द्या. मग तो कडेला एकटाच, पण मोठा दिसतो.

जेफीत आणताना रकान्यांची नावं सोर्स, टार्गेट, वेट अशी इंग्रजी लिपीतच हवीत आणि दुबार जोड्यांची बेरीज निवडायची. ठिपक्यांच्या मांडणीसाठी जेफीतलं फोर्सॲटलास-२ निवडा; ठिपके एकमेकांवर येऊ न देणारं 'प्रिव्हेंट ओव्हरलॅप' अगदी शेवटी लावा, आधी लावलं तर ठिपके नीट सरकत नाहीत. आपसात जास्त जोडलेल्यांचे गट शोधायला मॉड्युलॅरिटी चालवा. तिथलं रिझोल्यूशन १ पेक्षा कमी केलं की गट बारीक होतात. प्रीव्ह्यूमध्ये नावांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट निवडा. दोन-तीन हजार ठिपके ८ जीबीच्या लॅपटॉपवर सहज हलतात. लाईटचा भरवसा नसेल तर टप्प्याटप्प्यानं फाइल जतन करत राहा.

इथवर जेफी उत्तम. पण नातं काळात घडतं, आणि या जाळ्यात २०१२ची मेल आणि कालची मेल एकाच रेघेत मिसळते. त्यासाठी लिबरऑफिस कॅल्कमधला पिव्होट तक्ता जास्त बोलका: ओळीत माणूस, रकान्यात महिना, चौकटीत मेलची संख्या, वर रंगछटा. चाळीस माणसं पुरेत. कोण कधी जवळ आलं, कुठे खंड पडला, हे एका नजरेत दिसतं. वाचताना हंगाम लक्षात ठेवा: जालन्याच्या बियाणे विक्रेत्याच्या पेटीत खरिपाच्या तोंडावर कंपनीची माणसं गडद दिसणारच, त्यामुळे जूनची तुलना मागच्या जूनशीच करावी. रकाने एकदम कोरे झाले म्हणजे नातं तुटलं असंही नाही. बोलणं व्हॉट्सॲपवर गेलेलं असतं. मामा-मावशी तर या पेटीत कधी नव्हतेच.

मजकुरातले शब्द मोजायचा मोह होतो. २००६ साली फर्नांडा व्हिएगास, स्कॉट गोल्डर आणि ज्युडिथ डोनाथ यांनी 'देमेल'मध्ये नेमकं तेच, फार सुंदर केलं होतं. आपल्याकडे एकच माणूस 'नमस्कार' कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहितो. वर 'आपला विश्वासू' आणि सहीखालचा पत्ता सगळं झाकून टाकतात. ते साफ केल्याशिवाय शब्दांच्या वाटेला जाऊ नका.

चित्र कुणाला पाठवायचं असेल तर नावं बंद करून पीएनजी काढा. जेफीची मूळ फाइल देऊ नका. तिच्या आत सगळ्यांचे पत्ते तसेच असतात.